पुडक्यावरचं नाव

आमच्या डेल्फ्टच्या घरात वरच्या मजल्यावर एक गृहस्थ राहत असत, आणि आपण इथे राहतो हे कोणाला कळू नये याची फार काळजी घेत असत. दुपारभर ते टाइपरायटरवर लिहीत, पण खाली चौपदरी घडी केलेलं घोंगडं ठेवून, म्हणजे आवाज भिंतीपलीकडे जायला नको. पलीकडे ऐकणारं होतं कोण? एका अंगाला सायकली दुरुस्त करणारा ठार बहिरा म्हातारा आणि दुसऱ्या अंगाला कालवा. तरी घोंगडं असेच, आणि पडदाही ओढलेला असे. डच लोक दिवे लागल्यावरसुद्धा पडदे उघडे टाकून बिनदिक्कत जेवत बसतात. अख्ख्या गल्लीत पडदा बंद असलेली खिडकी ही एकच, त्यामुळे येणारेजाणारे नेमके तिच्याकडेच मान वर करून बघत. आई म्हणायची, लपायचंच आहे तर माणसाने निदान धड लपावं.

घोंगड्याने आवाज बंद होत नसे, नुसता जाड होई. खाली स्वयंपाकघरात तो धप धप असा उतरे. आईला त्याची इतकी सवय झाली की पोळ्या लाटताना तिचं लाटणं त्याच्या तालावर फिरू लागलं. वरचा आवाज थांबला की तीही थांबे आणि छताकडे बघून म्हणे, "अडले वाटतं वरचे." ती त्यांना 'वरचे'च म्हणे. परक्या पुरुषाचं नाव घ्यायची तिची पद्धत नव्हती, आणि 'सेन्योर' हा शब्द तिच्या जिभेला कधी वळला नाही. त्यांचं नाव आर्तुर. लिस्बनचे नाटककार. तीन नाटकं लिहिलेली, तिन्ही बंद पाडलेली. दोन कादंबऱ्या, त्यातली एक मित्राच्या नावावर छापलेली आणि दुसरी दुकानांतून उचलून नेलेली. मी तेव्हा पंधरा-सोळा वर्षांची होते आणि मला हे सगळं अतिशय रुबाबदार वाटे.

ते आमच्याकडे आले कसे, तर बाबांमुळे. बाबा रॉटरडॅमच्या एका जहाज कंपनीत कारकून होते. आम्ही पणजीहून आलेलो. तिथे बाबांची कचेरी पोर्तुगीज, माझी पहिली काही वर्षांची शाळा पोर्तुगीज, आणि घर मात्र मराठी, कारण आई वेंगुर्ल्याची. हुकूमशाहीतून पळून आलेल्या पोर्तुगीजांची सोय लावणाऱ्या एका पाद्र्याला कुठून तरी कळलं की डेल्फ्टातलं एक हिंदू कुटुंब पोर्तुगीज बोलतं आणि त्यांची माडी रिकामी आहे. बाबा आधी नाही म्हणाले. ज्यांच्या राज्यात खाली मान घालून दिवस काढले, त्यांच्यातलाच एक इथे आणून डोक्यावर बसवायचा हे त्यांना पटेना. मग आर्तुर स्वतः आले. दारातल्या बाकावर बसले आणि म्हणाले, त्याच राज्यात मीही खाली मान घालून होतो, फक्त तुमच्यापेक्षा पुष्कळ जवळून. बाबांना हसू आलं आणि आईने चहा टाकला. त्यानंतर ते चार वर्षं राहिले.

कुठेही गेले की आर्तुर आधी बसायला जागा शोधत. बसस्टॉपवर फुटपाथच्या कडेला बसत. नगरपालिकेत परवान्याच्या रांगेत मला उभी करून आपण कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसत, तेव्हा मला मनातून राग यायचा. आईच्या लक्षात आलं ते त्यांच्या पायांवरून. संध्याकाळपर्यंत घोटे सुजून बुटातून वर येत. ती न बोलता गरम पाण्याची बादली आणि मूठभर मीठ जिन्याच्या पायरीवर नेऊन ठेवू लागली. बाबांना त्यांनी एकदा सांगितलं, ते बाबांनी आईला सांगितलं आणि मी दाराआडून ऐकलं. लिस्बनच्या पोलिसांनी त्यांना कोठडीत भिंतीकडे तोंड करून उभं ठेवलं होतं, झोपू न देता, बसू न देता, दिवसचे दिवस. मारलं नाही म्हणे, नुसतं उभं ठेवलं. त्यानंतर मी रांगेत उभी राहताना कुरकुर केली नाही.

जेवायला ते रविवारी आमच्यात असत. आई शुक्रवारच्या बाजारातून बांगडे आणी, इंडोनेशियन दुकानातून सुक्या खोबऱ्याचा कीस आणी, आणि वेंगुर्ल्याच्या आमसुलांचा साठा जपून जपून वापरी. ती आमसुलं यायची विनायकमामाबरोबर. विनायकमामा हा आईचा चुलतभाऊ, मालवाहू जहाजावर इंजिनरूममध्ये कामाला. त्याचं जहाज रॉटरडॅमला लागलं की तो आमच्याकडे हजर. आर्तुर पहिल्यांदा ते बांगड्याचं कालवण जेवले ते बोटं चाटून. पावाच्या तुकड्याने ताट इतकं लख्ख पुसलं की आईने ते तसंच फडताळात ठेवून द्यायचं फक्त बाकी होतं. मग डोळे पुसून म्हणाले, तिखट लागलं. तिखट अजिबात नव्हतं. एरवी ते वर स्वतःच्या शेगडीवर बटाटे आणि कोबी उकडून त्यावर ऑलिव्हचं तेल ओतत. आई म्हणे, हे कानात घालायचं तेल माणसं खातात तरी कशी.

जेवणं झाली की नाटकांच्या गोष्टी निघत. रंगीत तालमीला पहिल्या रांगेत सरकारचा माणूस निळी पेन्सिल घेऊन बसायचा आणि वाक्यांवर रेघा मारत जायचा. आर्तुरच्या नटांनी यावर एक तोड काढली. कापलेलं वाक्य आलं की ते तेवढा वेळ नुसते गप्प उभे राहत, वाक्य जितकं लांब तितका वेळ, आणि प्रेक्षक त्या शांततेत टाळ्या वाजवत. मग सरकारने टाळ्यांवरून नाटक बंद केलं. जी कादंबरी ते आमच्या माडीवर लिहीत होते ती अशाच एका नाटकमंडळीतल्या प्रॉम्प्टरवर होती. विंगेतला म्हातारा, ज्याला निळ्या रेघांखालची सगळी वाक्यं पाठ आहेत. तिची कार्बन कॉपी ते कधीच काढत नसत. दोन प्रती म्हणजे पकडले जायच्या दोन जागा, असा त्यांचा हिशेब. आणि कागदावर खरं नाव कोणाचंच लिहीत नसत. बायकोचंसुद्धा. ती मागे लिस्बनला राहिली होती, आणि तिच्याबद्दल बोलताना ते 'घरची व्यक्ती' एवढंच म्हणत.

मी पोर्तुगीज विसरायला लागले होते, म्हणून ते मला शुद्धलेखन घालत. स्वयंपाकघराच्या टेबलाशी मी लिहायचं आणि त्यांनी लाल शाईने दुरुस्त करायचं. चुकांपेक्षा त्यांचं लक्ष माझ्या अक्षराकडे जास्त. विशेषतः मोठ्या एलवर त्यांचा डोळा. मी तो दोन काड्या जोडल्यासारखा काढी. "उपाशी आहे हा," ते म्हणत, "याला खायला घाल." आणि माझ्या काड्यांवर डोक्याशी एक फेरा, पायाशी एक फेरा असा गोल पोटाचा एल काढून दाखवत. वर्षभरात माझा एल असा काही गरगरीत झाला की बाबांनी तो कचेरीतल्या लोकांना दाखवला. मला त्याचा गर्व होता. हे मुद्दाम लिहितेय, कारण पुढे जे झालं त्यात त्या गर्वाचा वाटा आहे.

इथे मला थोडं थांबावं लागतंय. आता मी रायस्वाइकला लेकीजवळ राहते. आमच्या इमारतीत पुण्याची बरीच तरुण जोडपी आहेत, सगळी आयटीतली, आणि त्यांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे ज्यात त्यांनी मलाही कौतुकाने घेतलंय. दर आठवड्याला त्यावर विचारणा असते: कोणी पुण्याला जातंय का, छोटंसं पार्सल आहे. परवा खालच्या मजल्यावरची मुग्धा दारात आली. काकू, तुम्ही पुढच्या महिन्यात इंडियाला जाताय ना, सासऱ्यांची औषधं न्याल का? हातात पिशवी, वर स्वच्छ अक्षरात नाव, पत्ता, फोन. मी नाही म्हटलं. तिचा चेहरा उतरला. एवढीशी पिशवी न्यायला म्हातारी नाही म्हणते म्हणजे खवट असणार, असं तिला वाटलं असेल, आणि मीही तिची समजूत घातली नाही.

एका वसंतात आर्तुरची कादंबरी पुरी झाली. त्यांना ती लिस्बनला पोचवायची होती, बायकोकडे. तिथून पुढे ती छापायची की पुरून ठेवायची हे ती ठरवणार होती. टपालाचा प्रश्नच नव्हता. विनायकमामाचं जहाज त्या खेपेला लिस्बनला दोन दिवस थांबणार होतं, आणि वेंगुर्ल्याच्या एका खलाशाकडे कोण कशाला बघतंय. बाबांना विचारलं नाही, कारण बाबा सरकारी शिक्क्यालाही घाबरणारे. आर्तुरनी मला वर बोलावलं आणि आठ दिवस रोज एक नाव आणि एक पत्ता तोंडाने पाठ करून घेतला. लुसिंदा, आणि आडनाव. चढावाची गल्ली, घराचा नंबर, तिसरा मजला, दारावर पितळी पंजाची कडी. हे मी मामाकडून असंच तोंडी पाठ करून घ्यायचं होतं. "कागदावर नाही," ते म्हणाले. "कशावरच नाही." मग वर्तमानपत्रात गुंडाळलेला गठ्ठा माझ्या हातात दिला आणि दुपारच्या गाडीने अ‍ॅमस्टरडॅमला गेले, म्हणजे मामा येईल तेव्हा आपण घरात नको.

आता विनायकमामा. इतका प्रेमळ आणि इतका विसरभोळा माणूस मी दुसरा पाहिला नाही. आदल्या वर्षी आईने आजीसाठी विणलेला स्वेटर त्याने नेला, आणि सहा महिन्यांनी आजीचं पत्र आलं की तो मालवणात कोणा मास्तरणीच्या अंगावर दिसला. आईने ते पत्र मला दोनदा वाचायला लावलं होतं. तेव्हा तो गठ्ठा पाहिल्यावर तिने पहिली गोष्ट केली ती जुन्या मांजरपाटाचा तुकडा काढला, दाभण काढला आणि पार्सल शिवायला घेतलं. आमच्याकडे कुठलंही पुडकं असंच जायचं. कापडात शिवून, टाके घट्ट ओढून, वर शाईने दोन्ही नावं. ज्याला पोचायचं त्याचं, आणि नाही पोचलं तर ज्याच्याकडे परत यायचं त्याचं. शेवटचा टाका दातांनी तोडून तिने पुडकं माझ्यापुढे सरकवलं. "नाव घाल," ती म्हणाली. "विनायकच्या डोक्यात काय राहतंय?"

आर्तुर काय म्हणाले होते ते मी विसरले, असं मी पुढे कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. मला चांगलं आठवत होतं. पण मला वाटलं, ते भितात. बहिऱ्या म्हाताऱ्यालाही टाइपरायटर ऐकू जाईल म्हणून भिणारा माणूस. उद्या मामाने ही कादंबरी भलत्याच घरात दिली तर एकुलती एक प्रत गेली, तीन वर्षांचं काम गेलं. त्यांच्यापेक्षा मला जास्त कळतं असं मला खरोखर वाटलं. मी दौत काढली आणि मांजरपाटावर लुसिंदाचं पूर्ण नाव आणि पत्ता लिहिला, खाली आर्तुरचं नाव आणि आमच्या घराचा पत्ता. कापडावर शाई पसरते म्हणून फार सावकाश लिहिलं. लुसिंदाचा आणि लिस्बनचा, दोन्ही एल माझ्या आयुष्यातले सर्वांत देखणे झाले. मामा जेवला, पुडकं बगलेत मारलं आणि म्हणाला, "आता चुकाचा नाय."

त्यानंतरचे सहा आठवडे आमच्या घरातले सर्वांत चांगले दिवस होते. आर्तुर शीळ घालत जिना उतरू लागले. एका दुपारी वरून टाइपरायटरचा आवाज आला तो निराळाच, खणखणीत, सुट्या सुट्या अक्षरांचा. आई लाटणं हातात धरून तशीच उभी राहिली. मी वर धावत गेले तर घोंगडं पलंगावर पडलेलं, पडदा अर्धा उघडा, आणि आर्तुर नवीन नाटकाचं पहिलं पान लिहीत बसलेले. मला म्हणाले, आता ते तिच्याकडे आहे, माझ्याकडे काही नाही, आता येऊ देत कोणालाही. आईने त्या दिवशी शेवया केल्या. कशासाठी, ते तिने सांगितलं नाही.

मामा परत आला तो वार मला आठवत नाही, पण बाबा कामावर होते एवढं नक्की, कारण ते असते तर पुढचं घडलं नसतं. मामाला पोर्तुगीज येत नव्हतं. आर्तुरना मराठी येत नव्हतं. आईला त्यातलं अर्धंच, मामाचं तेवढं, कळणार होतं. पुढच्या खोलीत मामा खुर्चीच्या टोकावर बसला, आर्तुर त्याच्यासमोर, आणि मी मध्ये. मामाची दाढी वाढलेली होती, डाव्या भुवईवर खोक पडल्याचा वण. त्याने सांगितलं की बंदरावरच पुडकं काढून घेतलं, त्याला दोन दिवस कोंडलं आणि मग जहाज सुटायच्या वेळी ढकलून दिलं. घराकडे तो जाऊच शकला नाही. पण पोलिसांची गाडी लगेच कुठे तरी गेली एवढं त्याने पाहिलं. मी एक एक वाक्य पोर्तुगीजमध्ये सांगत होते. आर्तुर माझ्याकडे बघतच नव्हते, मामाच्या तोंडाकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं की इतक्या सामानातलं नेमकं तेच त्यांनी का उचललं? त्यांना कोणी सांगितलं? मी मामाला विचारलं.

"सांगूक कित्याक व्हया?" मामा म्हणाला. "अगो, नाव लिवलेला होता मां वर. ता वाचल्यानी आणि थंयसरच फाडल्यानी. बाईचो पत्तो, सगळा. तुझा अक्षर सुंदर, कोणाकय वाचूक येतला."

खोलीत आई होती. तिने हे ऐकलं. मी आर्तुरकडे वळले. माझं डोकं अगदी स्वच्छ झालं होतं, तसं पुन्हा कधी झालं नाही. मी पोर्तुगीजमध्ये म्हणाले, "त्याला माहीत नाही."

आर्तुर बराच वेळ मामाकडे बघत राहिले. मग उठले. मामाही उठला आणि त्याने आपला जाडजूड हात पुढे केला, समाचाराला गेल्यावर करतात तसा. आर्तुरनी तो घेतला नाही. वळून जिना चढून गेले. मामा तो हात तसाच धरून मला विचारत होता की ह्या माणसाचं आपण काय बिघडवलं. मी म्हणाले, त्यांना दुःख झालंय. मामाला ते पटलं, कारण तो तसाच होता. पण पुढे कित्येक खेपांना तो आला की जिन्याकडे बघून विचारायचा, वरचे भेटणार नाहीत का? आर्तुर खाली येत नसत. त्यांच्या मते हा माणूस चार नाण्यांसाठी त्यांच्या बायकोला विकून आला होता. मामा वेंगुर्ल्याला वारला तेव्हाही त्याला हे माहीत नव्हतं. ज्याने माझ्यामुळे मार खाल्ला त्यालाच मी विकणारा ठरवलं, आणि त्याने आणलेली आमसुलं आम्ही पुढेही खात राहिलो.

त्या संध्याकाळी आई भांडी घासत होती. माझ्याकडे पाठ करून म्हणाली, "विनायक इतकं बोलला. तू दोनच शब्द सांगितलेस." नळ वाहत होता. थोड्या वेळाने तिने विचारलं, "नाव घालायचं नव्हतं का गं?" मी मान हलवली, तिला ती दिसायचं कारण नव्हतं, तरी तिला कळलं. ती मला रागावली असती, बाबांना सांगितलं असतं, तर आमचं सगळ्यांचंच पुढचं आयुष्य वेगळं झालं असतं. पण नाव घाल असं म्हणणारी तीच होती. तिने नळ बंद केला आणि पदराला हात पुसले. त्यानंतर तिने कधीही पार्सल शिवलं नाही. दाभणसुद्धा कुठे टाकला देव जाणे. आणि जिन्यावर रोज मिठाच्या पाण्याची बादली मात्र ठेवत राहिली, आर्तुर ती घेत नसत तरी.

वरचा आवाज बंद झाला होता. पुष्कळ महिने काहीच कळलं नाही. लुसिंदा आत आहे एवढी बातमी त्या पाद्र्याने आणली. मी रोज ठरवायची की आज सांगायचं. शाळेतून येताना कालव्याच्या पुलावर सायकल थांबवून पोर्तुगीज वाक्यं जुळवायची, घरात पाय टाकला की ती नाहीशी व्हायची. लोक विचारतात हुकूमशाहीत माणसं गप्प कशी बसतात. मी मोकळ्या देशात, बिनपडद्याच्या खिडक्यांच्या गल्लीत गप्प बसले होते. मला कोणी उभं ठेवलं नव्हतं.

मग पॅरिसमार्गे एक पत्र आलं. आर्तुर ते घेऊन खाली आले, कित्येक दिवसांनी. मी टेबलाशी अभ्यास करत होते, आई ओट्याशी. ते समोर बसले आणि शांतपणे, गोष्ट सांगितल्यासारखं, त्यांनी पत्रातलं सांगितलं. तिला त्यांनी उभं ठेवलं होतं. ती बोलली नाही. मग त्यांनी तिला एक फडकं दाखवलं. शिवलेलं, वर तिचं आणि नवऱ्याचं नाव, तरुण बाईच्या हातचं. म्हणाले, तुझा नवरा हॉलंडात कोणाबरोबर राहतो बघ. तिने विश्वास ठेवला नसता, पण त्यातला एल तिने ओळखला. लग्नाआधीच्या पत्रांत आर्तुर तिचं नाव तसाच एल काढून लिहीत. ज्याने आपलं अक्षर दुसरीला शिकवलं त्याच्यासाठी काय म्हणून उभं राहायचं, असं तिला वाटलं, आणि ती बोलली. त्यांच्या नाटकमंडळीतले दोघे जण त्याच रात्री उचलले गेले. त्यातला एक परत आला नाही. आता ती बहिणीकडे असते. तिने लिहिलं होतं, मला शोधू नकोस, मी आता कोणालाच तोंड दाखवत नाही.

हे सांगून त्यांनी खिशातून एक कोरा कागद काढला, माझ्यापुढे ठेवला आणि आपलं पेन दिलं. "लिही तिचं नाव."

त्या क्षणी त्यांना सगळं माहीत होतं. आज मला ते स्पष्ट दिसतं. ते पुरावा मागत नव्हते, मला बोलायला जागा करून देत होते. मी नुसतं लिहिलं असतं, माझ्या अक्षरात, तरी ते सांगितल्यासारखंच झालं असतं. मी पेन घेतलं, आणि लुसिंदा असं लिहिलं, आणि एल दोन काड्यांचा काढला.

आर्तुरनी कागद आपल्याकडे वळवून घेतला. आई ओट्याशी पाठमोरी उभी होती. ते म्हणाले, "तुझा एल पुन्हा उपाशी झाला, शालिनी."

पुढच्या आठवड्यात ते अ‍ॅमस्टरडॅमला राहायला गेले. बाबांना कारण कळलं नाही. त्यांना वाटलं, बायकोच्या दुःखाने. टाइपरायटर नेला नाही. कचेऱ्यांच्या इमारतींत ते सफाईचं काम करत, उभ्याने. एक दोन वर्षांनी पोर्तुगालमधली हुकूमशाही कोसळली, तेव्हा बाबा कधी नव्हे तो केक घेऊन त्यांच्याकडे गेले. आर्तुर बटाटे सोलत होते. बरं झालं, म्हणाले, आणि बाबांसाठी खुर्ची पुसली. परत जाणार का असं बाबांनी विचारलं, तर कोणाकडे, असं त्यांनी विचारलं. ते गेले नाहीत. नंतर एका हिवाळ्यात वारले. त्यांच्या खोलीत लिहिलेला एक कागद निघाला नाही असं तो पाद्री म्हणाला. मी अंत्यविधीला गेले होते. शेवटपर्यंत उभी राहिले, एवढंच करता येण्यासारखं होतं.

ते अ‍ॅमस्टरडॅमला राहायला गेले तेव्हा डेल्फ्टची माडी आवरायला मला जावं लागलं होतं, आईने पाऊल टाकायला नकार दिला म्हणून. टेबलावर टाइपरायटर होता आणि त्याच्याखाली, इतक्या दिवसांनी, पुन्हा चौपदरी घोंगडं. ते उचललं तर खाली तो कागद. तो आजही माझ्याकडे आहे. गेल्या आठवड्यात माझी नात इरा कपाट लावत होती, तिला तो सापडला. तिला मराठी कळतं, बोलते डचमध्ये. तिने विचारलं, लुसिंदा कोण? मी म्हटलं, आमच्या वर राहणाऱ्यांची बायको. मग तिने कागद उजेडात धरला आणि म्हणाली, आजी, पहिलं अक्षर कोणी तरी नंतर दुरुस्त केलंय, लाल शाईने. केलंय खरं. माझ्या दोन काड्यांवर, डोक्याशी एक फेरा आणि पायाशी एक. तीन नाटकं आणि तीन कादंबऱ्या लिहिलेल्या माणसाच्या हातचं माझ्याकडे एवढंच आहे.